एर्सिलिया आलेर्से बघायला निघाली

एर्सिलिया कायून जन्मली ती आलेर्सेच्या छपराखाली, पण साठी उलटली तरी आलेर्सेचं झाड काही तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

छप्पर तिच्या वडिलांनी घातलेलं. सेगुंदो कायून तरणेपणी डोंगरापलीकडे, चिलीत, लाकडी कौलं काढायच्या कामावर होते. जंगलात वर्षानुवर्षं आडवी पडलेली आलेर्सेची खोडं हुडकायची, पाचर ठोकून त्यांच्या पातळ फळ्या सोलायच्या आणि पाठीवर भारा घेऊन चिखलातून खाली उतरायचं. पुढे डोंगराच्या अलीकडे, एस्केल गावात संसार मांडला तेव्हा खेचरांच्या पाठीवर लादून ती कौलं त्यांनी बरोबर आणली. पावसात, बर्फात त्या छपरातून थेंब म्हणून आत आला नाही. लहान एर्सिलिया अंथरुणात पडून वर बघायची आणि तोंडाची टकळी सुरू व्हायची.

"पप्पा, हे झाड उभं असतं तेव्हा कसं दिसतं?"

"उंच."

"किती उंच?"

"वर बघितलं की डोक्यावरची टोपी पडते, इतकं."

"आणि पानं कशी असतात?"

"पानं कोण बघतो? आमचं काम आडव्या झाडांशी. झोप आता."

वडील गेले, पण तिच्या मनातलं ते झाड काही गेलं नाही. तिच्या मनात अशा पुष्कळ गोष्टी होत्या. पोस्टाच्या पेटीचा रंग कोणी ठरवला, नदीचं पाणी हिवाळ्यात वरून गोठतं मग खालून का नाही, शेजारणीच्या मांजराला शिट्टी कळते पण नाव का कळत नाही. शाळा लवकर सुटली आणि ती गावातल्या एका लॉन्ड्रीत इस्त्रीला लागली. तिथल्या बायका तिला 'चौकशीची खिडकी' म्हणत. तिच्या टेबलावर आलेला कपडा नुसता इस्त्री होऊन कधी गेला नाही. एकदा एका नवरदेवाच्या कोटाच्या खिशात तिला माशाचे खवले सापडले. कोट न्यायला तो आला तेव्हा तिनं कोट हातात धरूनच ठेवला. "आधी सांगा, लग्नाच्या कोटात मासा कसा आला?" नवरदेव लाजून लाल झाला. लग्नाच्या सकाळी छातीत इतकी धडधड व्हायला लागली की तो थेट ओढ्यावर जाऊन गळ टाकून बसला होता म्हणे. कोट अंगात होता हे पहिला मासा लागल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"मग मासा खाल्लात का सोडलात?" एर्सिलियानं विचारलं.

"सासूबाईंना दिला."

आता कुठे तिनं कोट सोडला.

नवऱ्याला, आबेलिनोला, तिच्या प्रश्नांची सवय झाली होती. तो रस्तेदुरुस्तीच्या टोळीत होता आणि दिवसभर यंत्राचा आवाज ऐकून घरी आला की त्याला बोलण्याचा कंटाळा यायचा. बायकोच्या दहा प्रश्नांना तो एक "बहुतेक" देऊन मोकळा व्हायचा.

लॉन्ड्रीतून निवृत्त झाल्यावर एर्सिलिया गावच्या ज्येष्ठांच्या मंडळात जाऊ लागली. मंडळाची अध्यक्ष आयदे पूर्वी शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळा सुटून बरीच वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. त्या उन्हाळ्यात, जानेवारी महिन्यात, आयदेनं जाहीर केलं की मंडळाची सहल राष्ट्रीय उद्यानात जाणार. बोटीनं सरोवर ओलांडायचं आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या 'आजोबां'ना भेटायचं. आजोबा म्हणजे तिथला सगळ्यात म्हातारा आलेर्से. दोन हजारांहून जास्त वर्षांचा. एस्केलपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर हे झाड उभं, आणि एर्सिलियाचं तिथे जाणं कधी जमलं नव्हतं. कधी मुलं लहान, कधी कामाची रजा नाही, कधी नुसतंच पुढच्या उन्हाळ्यात जाऊ.

"तू येतोस?" तिनं आबेलिनोला विचारलं.

"झाड बघायला?"

"हो."

"झाड आपल्या दारात आहे की."

"ते पॉपलर आहे, आबेलिनो."

"बहुतेक," तो म्हणाला आणि मातेचा, त्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला तिच्या हातात देऊन झोपायला गेला.

सहलीच्या सकाळी आकाशाचा रंग बिघडलेला होता. सूर्य उगवला तो घासून पातळ केलेल्या तांब्याच्या चकतीसारखा, आणि त्याच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं. एर्सिलिया बघतही राहिली. दोन दिवसांपूर्वी विजा पडल्या होत्या, उद्यानाच्या वरच्या अंगाला कुठेतरी आग लागलीय असं रेडिओवर सांगत होते, पण ती लांब आहे, वारा आपल्या बाजूला नाही, असंही सांगत होते. बसचा ड्रायव्हर एल्वियो प्यू शेजारच्या त्रेवेलिन गावचा. लांबोडका, भुरकट मिशांचा माणूस. त्यानं दारात उभं राहून नाक वर केलं.

"वास येतोय," तो म्हणाला.

"सहल ठरलीय," आयदे म्हणाली. "मिलानेसाचे सँडविच करून झालेत. चला."

वाटेत धूर दाट होत गेला. नेहमी बसच्या उजव्या अंगाला दिसणारे डोंगर आधी निळे झाले, मग राखाडी आणि मग नाहीसेच झाले. म्हाताऱ्या मंडळींची गाणी थांबली. कोणी खोकायला लागलं, कोणी रुमाल ओला करून नाकाला लावला. एर्सिलियानं मात्र काचेला नाक टेकवलं होतं. धूर सरळ वर जातो असं ती आजवर समजत होती. इथे तो ओढ्याच्या पाण्यासारखा दरीतून खाली वाहत येत होता, वळणावर वळत होता, झाडांच्या बुंध्यांना वळसा घालत होता.

"एल्वियो, धूर खाली का येतोय?"

"मला काय विचारता, दोन्या एर्सिलिया? मी बस चालवतो." मानानं 'बाई' म्हणावं तसं तो 'दोन्या' म्हणायचा.

"पण तुम्हाला काय वाटतं?"

एल्वियोनं जरा विचार केला. "दमला असेल," तो म्हणाला.

बोटीच्या धक्क्यावर साखळी लावलेली होती. तिथे आयेलेन नावाची तरुण वनरक्षक उभी होती. डोळे लाल, ओठ सुकलेले, गणवेशावर राखेचे ठिपके. आज बोट निघणार नाही, पलीकडचा किनाराच दिसत नाहीये, असं तिनं सांगितलं. आयदेनं शिट्टी तोंडापर्यंत नेली, पण कोणावर वाजवायची ते न कळून खाली ठेवली.

"आम्ही महिनाभर आधी नाव नोंदवलंय, मुली."

"आगीनं नोंदवलं नव्हतं, दोन्या," आयेलेन म्हणाली. बोलण्यात उर्मटपणा नव्हता, नुसता थकवा होता. "डबे बसमध्येच खा, खिडक्या बंद ठेवा आणि परत जा. रस्ता अजून उघडा आहे."

मंडळी बसमध्ये बसून सँडविच खायला लागली. बंद बसमध्ये तळलेल्या मांसाचा आणि ओल्या रुमालांचा वास कोंडला. एर्सिलिया आपला सँडविच घेऊन हळूच खाली उतरली. आयदेची हाक मागून आली, पण तोवर ती साखळीपर्यंत पोचली होती.

सरोवर अर्धंच होतं. पायापाशी पाणी स्वच्छ, तळाचे गोटे दिसतील असं. पुढे जाऊन ते धुरात शिरत होतं आणि पलीकडे काहीच नव्हतं. तिथेच कुठेतरी ते झाड उभं होतं, तिला बघायचं होतं ते. वरून काहीतरी भुरभुरत होतं. तिच्या बाहीवर एक काळं पान येऊन बसलं. आकार अगदी पानाचा, मधली शीर, कडेचे दाते, सगळं जागच्या जागी. तिनं बोट लावलं आणि पानाची राख झाली.

"हे किती लांबून येत असेल?" तिनं आयेलेनला विचारलं.

"चांगलं लांबून. वारा वर नेतो आणि हवं तिथे टाकतो."

"म्हणजे हे झाड कुठलं ते कळायचंच नाही?"

आयेलेननं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "हा प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारला नाही," ती म्हणाली. "सगळे विचारतात, प्रवेशाचे पैसे परत मिळणार का." तेवढ्यात तिच्या कमरेचा रेडिओ खरखरला. आग कडा ओलांडून अलीकडे उतरली होती. रस्ता बंद करायचा होता, सगळ्यांनी लगेच निघायचं होतं. आयेलेन आपल्या गाडीकडे धावली. "माझ्या मागोमाग या!" ती एल्वियोला ओरडून म्हणाली.

दोन गाड्या दिवे लावून, भर दुपारी, माणसाच्या चालीनं निघाल्या. थोडं अंतर गेल्यावर आयेलेनची गाडी एका फाटकापाशी थांबली. फाटकाच्या आत लाकडी घर, धुराड्यातून आपला घरगुती धूर आणि दारात खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी. आयेलेन उतरली, म्हातारीशी काहीतरी बोलली, हात जोडून बोलली, मग परत येऊन बसच्या दारात उभी राहिली.

"दोन्या क्लोरिंदा. उद्यान झालं त्याआधीपासून हे घर इथे आहे. मुलगी त्रेवेलिनला असते. सकाळपासून मी तिसऱ्यांदा येतेय, उठायलाच तयार नाही. मला पुढे तंबूवाल्यांना बाहेर काढायचंय. तुम्ही तिला घेऊन जाल का?"

"यायला तयार नाही, तिला कसं घेऊन जायचं?" आयदे म्हणाली. "माझ्या बसमध्ये छातीचे आजारी लोक आहेत. मी एका अनोळखी बाईसाठी त्यांना धुरात ताटकळत ठेवू?"

तिचं चुकत नव्हतं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकून खोकून बेजार झालं होतं. एल्वियो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. "दहा मिनिटं थांबतो," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या वर नाही."

आयेलेन पुढे निघून गेली. आयदे उतरली, तिच्यामागे एर्सिलिया. आयदेनं मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितलं की जीव एकदाच मिळतो, घर परत बांधता येतं आणि सरकारी हुकूम हा हुकूम असतो.

क्लोरिंदानं सगळं ऐकून घेतलं. नव्वदीच्या आसपासची बाई, हाडं आणि कातडं, डोक्याला फडकं. "झालं का?" तिनं विचारलं. "छान बोलता तुम्ही. आता जा."

आयदे तणतणत बसकडे परतली. एर्सिलिया मागे राहिली, कारण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. घराच्या कोपऱ्याशी एक झाड होतं. माणसाहून थोडं उंच, बुंधा मनगटाएवढा, साल तांबूस आणि धागे सुटलेली. फांद्यांवर पानं म्हणावीत असं काही नव्हतं, बारीक हिरवे खवले एकमेकांवर बसलेले. ती जवळ गेली. त्या सालीच्या सुटलेल्या धाग्यांकडे बघता बघता तिला काहीतरी ओळखीचं वाटलं. तिनं नाक लावलं. धुराच्या वासाखालून दुसरा वास आला, पावसात भिजलेल्या छपराचा.

"दोन्या, हे कुठलं झाड?"

"आलेर्से," म्हातारी म्हणाली.

"एवढंसं?"

"एवढंसं म्हणू नकोस त्याला, वाईट वाटेल. माझी इर्मा जन्मली तेव्हा नवऱ्यानं ओढ्याकाठून आणून लावलं. करंगळीएवढं होतं. इर्मा आता आजी झाली आणि हा मठ्ठ अजून वळचणीला लागत नाही."

एर्सिलियाला हसू आलं. "मग रोज बघताना कळतं का वाढलेलं?"

"छे! मी बघणं सोडून दिलं. नवरा दरवर्षी सालीवर बोट ठेवून म्हणायचा, वाढलं. मी म्हणायची, तुझं बोट बारीक झालं."

"आणि पाणी लागतं का त्याला?"

"पाणी तर हवंच. ओढ्याकाठचा प्राणी तो." म्हातारी खुर्चीतून थोडी पुढे सरकली. "पोरी, तू कोण? तू त्या शिट्टीवालीसारखं मला घेऊन जायला नाही आलीस?"

साठी उलटलेल्या एर्सिलियाला पोरी म्हणून घ्यायला बरं वाटलं. "मी झाड बघायला आलेय," ती म्हणाली. "बोट बंद आहे. माझे वडील ह्याच लाकडाची कौलं काढायचे. मी जन्मभर त्याच्याखाली झोपले, पण जिवंत असलेलं हेच पहिलं."

क्लोरिंदा काठी टेकून उठली आणि झाडापाशी येऊन उभी राहिली. दोघी बोलत राहिल्या. एर्सिलियानं विचारलं, ह्याला फळं येतात का. बर्फाच्या ओझ्यानं वाकतं का. गाईगुरं खातात का. म्हातारी उत्तरं देत होती आणि मधूनमधून डोंगराच्या बाजूला बघत होती. तिकडे धूर आता राखाडी नव्हता, पिवळट झाला होता.

"तुम्ही राहिलात म्हणजे याला पाणी घालत बसणार, असंच ना?" एर्सिलियानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आणखी काय करणार? आगीशी कुस्ती खेळायचं माझं वय आहे का? पण ओली जमीन ती टाळते कधीकधी. सगळं अंगण ओलं करायला हवं. सकाळपासून दोन बादल्या आणल्या आणि बसले. गुडघे नाही म्हणतात."

"ओढा कुठाय?"

"घरामागे. का?"

एर्सिलिया बसपाशी गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "बादल्या उचलू शकतील असे कोण कोण आहेत?"

आयदेनं घड्याळ बघितलं, खोकणाऱ्या मंडळींकडे बघितलं आणि मोठा उसासा सोडला. "छातीवाले बसमध्ये राहतील," ती म्हणाली. "बाकीचे खाली. रुमाल ओले करा. रांग धरा!" आणि शेवटी त्या दिवसात पहिल्यांदा तिनं शिट्टी फुंकली.

ओढ्यापासून अंगणापर्यंत म्हाताऱ्या माणसांची रांग लागली. बादल्या, पातेली, कपडे भिजवायचं घंगाळ, एल्वियोनं बसमधून आणलेला डिझेलचा जुना डबाही आला, पण आयदेनं तो वास घेऊन परत पाठवला. पाणी हातातून हातात जाताना निम्मं सांडत होतं. "सांडू दे," क्लोरिंदा काठीनं दाखवत म्हणाली, "तिथेही जमीनच आहे." झाडाच्या बुंध्याशी, भिंतीच्या कडेनं, सरपणाच्या ढिगावर. एर्सिलियानं शेवटचं पातेलं झाडाच्या शेंड्यावरून ओतलं. हिरवे खवले चमकले. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण एल्वियो काही बोलला नाही, कारण तो रांगेत मधोमध उभा होता.

"आता?" एर्सिलियानं म्हातारीला विचारलं.

क्लोरिंदानं अंगणाकडे बघितलं. "आता माझं इथे काम उरलं नाही," ती म्हणाली. "पण कोंबड्या सोडून मी येणार नाही."

"कोंबड्या?" आयदे म्हणाली.

खुराड्यात सात-आठ कोंबड्या धुरानं गप्प होऊन बसल्या होत्या. टोपल्या दोनच होत्या. उरलेल्यांना शाली आणि स्वेटरांत गुंडाळून एकेकाच्या मांडीवर बसवलं. आयदेच्या वाट्याला एक मोठी, राखी रंगाची आली.

"मी अध्यक्ष आहे," आयदे म्हणाली. "मी कोंबडी धरत नाही."

"तीही कोणाला धरू देत नाही," क्लोरिंदा म्हणाली. "जमेल तुमचं."

बस निघाली. म्हातारी पुढच्या बाकावर, एर्सिलिया शेजारी, तिच्या मांडीवर एक पांढरी कोंबडी. क्लोरिंदानं मागे वळून बघितलं नाही. हात मात्र काठीवर इतका आवळला होता की बोटांची नखं पांढरी पडली होती. एर्सिलियाला खूप काही विचारायचं होतं, पण या वेळी तिनं काही विचारलं नाही. तिनं कोंबडीच्या मानेखालची पिसं कुरवाळली आणि म्हातारीच्या गुडघ्याला आपला गुडघा लागू दिला. बऱ्याच वेळानं क्लोरिंदाच म्हणाली, "विचार ना काहीतरी. गप्प बसलीस तर मला घर आठवतं."

"कोंबड्या झोपेत पडत का नाहीत?" एर्सिलियानं लगेच विचारलं.

"पायात कुलूप असतं. बसल्या की बोटं आपोआप आवळतात."

"खरं?"

"हात घाल आणि बघ."

मागच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं की आपल्या कोंबडीनं अंडं घातलं. बसभर हशा पिकला, खोकत खोकत हसले सगळे. आयदेनं आपल्या मांडीवरच्या राखीकडे संशयानं बघितलं.

त्रेवेलिनला पोचेपर्यंत धूर मागे पडला. इर्मा दारात वाट बघत उभी होती. तिनं आईला मिठी मारली आणि मग बसमधून एकामागोमाग एक उतरणाऱ्या कोंबड्या बघून कपाळाला हात लावला.

आग आठवडाभर तरी जळत होती. एर्सिलिया रोज सकाळी आबेलिनोला रेडिओचा आवाज मोठा करायला लावायची. मग एकदा वारा फिरला, पाऊस पडला आणि आग विझली. आयेलेननं इर्माला फोन करून सांगितलं, आणि इर्मानं एर्सिलियाला. घर उभं होतं. रिकामा गोठा आणि कुंपणाची एक बाजू जळाली होती, सरपणाचा ढीग गेला होता. झाडाच्या डोंगराकडच्या फांद्या तांबड्या पडल्या होत्या, दुसरी बाजू हिरवी होती. पाण्यानं वाचलं का वाऱ्यानं, हे एर्सिलियानं आयेलेनला विचारलं. आयेलेन म्हणाली, खात्रीनं सांगता यायचं नाही. एर्सिलियाला ते उत्तर पटलं. राखी कोंबडी मात्र त्रेवेलिनला बसमधून उतरलीच नव्हती. ती आयदेच्या स्वैंपाकघरात राहत होती आणि आयदे तिच्याविषयी बोलणं टाळायची.

क्लोरिंदा आपल्या घरी परत गेली तेव्हा एर्सिलिया तिला भेटायला जाऊ लागली. आबेलिनो तिला सोडायचा. पहिल्या खेपेला तो गाडीतच बसून राहिला. दुसऱ्या खेपेला कुंपणाची जळकी बाजू बघून उतरला आणि काही न बोलता खांब पुरायला लागला. "तुझा नवरा बोलतो का कधी?" क्लोरिंदानं विचारलं. "बहुतेक," एर्सिलिया म्हणाली.

मार्चमध्ये, पानं पिवळी व्हायच्या आधी, बोटी परत सुरू झाल्या. मंडळाची सहल पुन्हा ठरली. यावेळी आकाश निळं होतं, सरोवर पुरं होतं. पलीकडच्या किनाऱ्यावरून लाकडी पायवाटेनं मंडळी चालत गेली. वाट ओलसर, बाजूला शेवाळ आणि वेली, मध्येच नदीचा आवाज. आणि मग आजोबा. एर्सिलियानं वर बघितलं. टोपी तिनं घातलीच नव्हती. बुंधा वर जात जात दुसऱ्या झाडांच्या हिरव्यात शिरत होता आणि पुढचं दिसत नव्हतं. बाकीची मंडळी फोटो काढत होती, कठड्याला टेकून एकमेकांना हाका मारत होती. एर्सिलियाला वाटलं होतं आपल्याला रडू येईल किंवा देवळात गेल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला त्या सालीतल्या एका भेगेत एक छोटं पाखरू जाताना दिसलं आणि ते बाहेर यायची ती वाट बघत राहिली. ते आलं नाही.

"ते पाखरू कुठे गेलं?" तिनं गाइडला विचारलं.

गाइड पोरगी हसली. "आत पोकळी आहे बहुतेक. मी कधी नीट बघितलं नाही."

बोट परत निघायला उशीर झाला तो एर्सिलियामुळे. आयदेला दोनदा शिट्टी वाजवावी लागली.

त्याच आठवड्यात ती क्लोरिंदाकडे गेली. दोघींनी चुलीपाशी बसून माते प्यायला. एर्सिलियानं सोबत तळलेल्या पुऱ्यांसारखा गोड पाव आणला होता. आबेलिनो बाहेर गोठ्याची फळी ठोकत होता.

"मग? बघितलंस त्याला?" म्हातारीनं विचारलं.

"बघितलं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर शंभरदा बघितला असेल."

"मी? मी कुठे बघितला?"

एर्सिलियाचा पेला तोंडापाशीच थांबला. "तुम्ही नव्वद वर्षं इथे राहताय."

"सरोवराच्या या बाजूला. बोटीची मला भीती वाटते. पाणी खाली, फळी मध्ये, हे मला पटत नाही. नवरा गेला होता एकदा, पण तो परत येऊन म्हणाला, मोठा आहे. एवढंच. चाळीस वर्षं मी त्याला विचारत होते, मोठा म्हणजे कसा, तर म्हणाला, मोठा." क्लोरिंदानं खुर्ची पुढे ओढली. काठी बाजूला ठेवली. "तू नीट सांग. साल कशीय? माझ्या मठ्ठ्यासारखी?"

"तशीच. पण सगळं शेवाळलेलं. हात लावू देत नाहीत."

"का लावू देत नाहीत?"

"सगळ्यांनी लावला तर झिजेल म्हणून."

"आणि खाली माती कशी? कोरडी का ओली? वाकलाय का सरळ? वर घरटी आहेत?"

"घरट्याचं माहीत नाही. पण एक पाखरू आत गेलं."

"आत? कुठून आत?"

"सालीतून. भेगेतून."

"आणि मग?"

"मग आलंच नाही."

"तू किती वेळ बघितलंस?"

"शिट्टी वाजेपर्यंत."

"ती शिट्टीवाली!" क्लोरिंदा चिडून म्हणाली. "थांबायला हवं होतंस. कोणतं पाखरू होतं? छाती कसली होती, लाल का करडी? शेपूट वर का खाली?"

एर्सिलियानं डोळे मिटले आणि आठवायचा प्रयत्न केला. बाहेर आबेलिनोची हातोडी वाजत होती. "शेपूट वर," ती म्हणाली. "अगदी उभी. छातीचं मात्र नक्की सांगता येत नाही."

"शेपूट वर," क्लोरिंदा पुटपुटली आणि तिनं पुन्हा पाणी तापवायला ठेवलं.